तेलाची बरकत

“बंद कर! अरे, बंद कर म्हन्तो ना! जीव घेतो काय तिचा?”

ही आरोळी माझ्यासाठी होती. आखाडा बाळापूरच्या बाहेर, नांदेड रस्त्याच्या कडेला जे पत्र्याचं शेड आहे, त्याच्यासमोर मी नुकतीच गाडी उभी केली होती आणि बोनेट थरथरवत इंजन अजून चालूच होतं. मी घाईघाईने ते बंद केलं. माझ्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानेही आपलं बंद केलं. समोरून येणारी बस जागच्या जागी थांबली. बसच्या मागे एक वरात होती, तिचा बँड ऐन रंगात आलेल्या गाण्याच्या मधोमध गप्प झाला, आणि घोड्यावरच्या नवरदेवाने, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून, खाली उतरायला एक पाय रिकिबीतून काढला. त्याला परत नीट बसवायला करवलीला दहा मिनिटं लागली.

मिस्त्रीचाचांचा आवाज हा असा आहे. हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच आणि मिस्त्री पाचशे असतील, पण ज्याच्या नुसत्या खाकरण्याने बंद पडलेलं इंजन दचकून चालू होतं असा माणूस एकच, आणि तो बाळापूरच्या या शेडमध्ये बसतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांचे डोळे मी पाहिलेले आहेत, आणि ते खोटं बोलणाऱ्याचे नव्हते.

एवढ्या मोठ्या आवाजाचं कारण मात्र अगदी साधं आहे. चाचांना ऐकू येत नाही. चाळीस वर्षं इंजनात डोकं घालून डावा कान ट्रॅक्टरांनी नेला, उजवा ट्रकांनी. स्वतःचा आवाज स्वतःपर्यंत पोचावा म्हणून ते ओरडतात, आणि तो पोचेपर्यंत वाटेतली तीन गावं जागी होतात. एकदा एक शेतकरी घाईघाईत येऊन म्हणाला, “चाचा, तेल गळून राहिलं!” चाचा ताडकन उठले आणि धावत रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना पाहू लागले. “कुठं हाय? कोनत्या बाजूला पळून राहिला?” त्यांनी ‘बैल पळून राहिला’ असं ऐकलं होतं. बैल पकडायला आणखी चार माणसं जमली, त्यांतले दोघं खरोखर ओढ्यापर्यंत जाऊन आले, आणि एकाने तर तांबड्या रंगाचा बैल पाहिल्याचंही सांगितलं.

दुसरा कोणी मिस्त्री असता तर कान गेले म्हणून घरी बसला असता. चाचांनी ऐकण्याचं खातं कानांकडून काढून दातांकडे दिलं. त्यांच्याजवळ हातभर लांबीची बाभळीची काठी आहे, साल सोललेली, तेल पिऊन काळी झालेली. काठीचं एक टोक चालू इंजनाला टेकवायचं, दुसरं टोक दाढांत धरायचं आणि डोळे मिटायचे. इंजनाच्या पोटातला ठोका काठीतून दाढेत येतो, दाढेतून कवटीत जातो, आणि मग चाचांच्या भुवया हलू लागतात. डावी भुवई हलली तर वरच्या बाजूची खटखट, उजवी हलली तर खालची. दोन्ही हलल्या तर मालकाने खाली बसून घ्यावं. एकदा नांदेडचा एक नवखा गाडीवाला आला होता. बोनेटखाली वाकून, डोळे मिटून काठी चावणारे चाचा त्याने पाहिले आणि मला हळूच विचारलं, “काकांचं दातवण चालू आहे वाटतं. मी नंतर येऊ का?” मी म्हणालो, “नाही, ते तुमची गाडी ऐकून राहिलेत.” तो गृहस्थ शांतपणे जाऊन गाडीत बसला आणि चारही काचा वर करून घेतल्या.

इंजन तपासायच्या आधी ते मालक तपासतात. सेनगावचे एक शेठ दर तीन महिन्यांनी क्लच जळतो म्हणून रडत आले. चाचांनी बोनेट उघडलंच नाही. त्यांनी शेठजींना चपला काढायला लावल्या, दोन्ही उलट्या करून उन्हात धरल्या आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, “डावी झिजली, उजवी कोरी! गाडी बराबर हाय शेठ, हा डावा पाय तेवढा घरी ठेवून येत जा!” शेठजींचा पाय गाडी चालवताना जन्मभर क्लचवर विसावलेला असायचा. तो त्या दिवसापासून उचलला गेला, आणि असं म्हणतात की शेठजी आता घरी जेवतानाही तो जरा अधांतरीच धरतात.

पण चाचांची खरी विद्या तेलाची. त्यांचे वडील बाळापूरच्या बाजारात जिलेबी काढायचे, तेव्हा पाक बघण्याची नजर घरातच होती. ती नजर त्यांनी इंजनाच्या तेलाला लावली. तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा, बोटं अलगद दूर न्यायची आणि मधली तार पाहायची. “एकतारी हाय, अजून दोन महिने चालंल.” “तार तुटून राहिली, बदल.” मग थेंब नाकाला लावायचा. कधीकधी तो जिभेवरही ठेवायचा, पण तो फक्त पाहुण्यांसमोर. तेलाच्या दाबाची तक्रार असेल तर आणखी एक विधी असतो. डॅशबोर्डवरच्या तेलाच्या लाल दिव्यावर त्यांचा काडीचा भरवसा नाही. “दिवा म्हंजे चुगलखोर. बोंब मारतो, पन कोनाच्या घरात काय झालं ते सांगत न्हाई.” म्हणून बिस्किटांच्या जुन्या डब्यात, हिरव्या मखमलीत गुंडाळलेलं, काट्याचं एक पितळी गेज त्यांनी जपून ठेवलं आहे. दिव्याची वायर सोडवून तिथे ते बसवायचं, आणि काटा काय बोलेल ते खरं. त्या गेजला हात लावण्याआधी चाचा साबणाने दोनदा हात धुतात. जेवायला बसताना एकदासुद्धा धुतात की नाही याबद्दल घरात मतभेद आहेत.

आता माझ्या गाडीकडे येतो. ही माझ्या वडिलांची पांढरी, गोल नाकाची जुनी डिझेल गाडी. कळमनुरीत आमचं कापडाचं दुकान आहे, आणि गावातली निम्मी लग्नं आमच्या कापडात आणि या गाडीत झाली. हिला जुनी म्हटलं तर मला राग येतो, नवी म्हटलं तर लोक हसतात. सहा महिन्यांपूर्वी या गाडीत एक चमत्कार सुरू झाला. तिचं तेल कमी होईना. कमी होईना म्हणजे काय, वाढायला लागलं! दर रविवारी मी पट्टी काढायचो आणि तेल मागच्या रविवारपेक्षा दाण्याभर वर दिसायचं. लोकांच्या गाड्या तेल पितात, माझी गाडी दुभती झाली होती. मी ही गोष्ट मनात ठेवणाऱ्यांतला नाही. चहाच्या हॉटेलात मी पट्टी घेऊन जायचो आणि लोकांना दाखवायचो. आईने बोनेटला हळदकुंकू लावलं. दुकानाशेजारचे अत्तरवाले खाँसाहेब म्हणाले, “बरकत आहे ही, बरकत! तुमच्या वडिलांची पुण्याई.” शब्द मला इतका आवडला की मी दुसरं काही म्हणेनासाच झालो. आमच्या गल्लीतल्या एका ट्रॅक्टरवाल्याने तर कप आणला आणि अर्धा कप तेल मागून नेलं. त्याचा ट्रॅक्टर फार तेल प्यायचा. आपल्या इंजनात हे विरजण म्हणून घालावं, म्हणजे तिकडेही वाढेल, असा त्याचा हिशेब होता.

मग हा लाल दिवा लागायला लागला. सकाळी गाडी थंड असताना काही नाही. वीस-पंचवीस किलोमीटर झाले, इंजन तापलं आणि सिग्नलला किंवा फाटकाला थांबलो की दिवा मिचमिच करायचा. वर थोडी टकटकही सुरू झाली. हिंगोलीच्या एका मिस्त्रीने पट्टी पाहिली, म्हणाला, तेल तर भरपूर आहे, मग आतले बेरिंग गेले, इंजन पूर्ण खोलावं लागेल. दुसऱ्याने पट्टी पाहण्याचीही तसदी घेतली नाही. म्हणाला, भंगारात द्या. वडिलांची गाडी भंगारात द्या म्हणणाऱ्याचा चहा मी अर्धा टाकून उठलो आणि रविवारी सकाळी थेट बाळापूर गाठलं.

मला माहीत नव्हतं की त्या रविवारी माझ्या गाडीपेक्षा चाचांचंच जास्त पणाला लागलेलं होतं. शेडमध्ये त्यांची लेक बसली होती. आम्ही तिला आपा म्हणतो. हिंगोलीत शाळेत शिक्षिका आहे. घरात बापलेकीची भाषा दखनी, पण आपा चिडली की वर्गातल्या मराठीवर येते, आणि त्या दिवशी ती मराठीवरच होती. झालं असं होतं की महिन्याभरापूर्वी एका जीपवाल्याला चाचांनी काठी लावून सांगितलं, काही नाही, जा. जीप वारंगा फाट्याच्या अलीकडे इंजन जाम होऊन बसली. सुदैवाने कोणाला लागलं नाही, पण आठ-दहा बाजारकरू डोक्यावर टोपल्या घेऊन चाचांच्या नावाने बोलत चालत गेले. ते बोलणं आपापर्यंत पोचलं. ती आली, बापाला समोर बसवलं आणि कबूल करून घेतलं की आता आणखी एक चूक झाली की शेड बंद, गाशा गुंडाळायचा आणि हिंगोलीला तिच्या घरी राहायला यायचं. चाचा कबूल झाले. त्यानंतर आलेली पहिली अवघड गाडी माझी.

“दिवा लागतो, चाचा!” मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडलो. “तापल्यावर! हिंगोलीवाले म्हणतात, बेरिंग गेलं!”

“हिंगोलीवाल्यायचं डोकं गेलं,” चाचा म्हणाले आणि हात धुवायला गेले. दोनदा धुतले. डबा आला, मखमल उलगडली, गेज बसलं. तासाभराने, इंजन निवल्यावर, ते पुन्हा चालू केलं तेव्हा काटा झोकात वर गेला. मग त्यांनी मला अर्धा तास इंजन चालू ठेवायला लावलं, आणि काटा हळूहळू, जसा म्हातारा माणूस जिना उतरतो तसा, खाली खाली आला. स्लो रनिंगला तो जवळजवळ तळाशी टेकला.

“म्हणजे दिवा खरं बोलला,” आपा म्हणाली.

चाचांनी काठी घेतली. इंजनाच्या वरच्या झाकणाला लावली, डावी भुवई हलली. मग ते खाली वाकले, खालच्या बाजूला, जिथे बेरिंग बसलेले असतात तिथे काठी टेकवली. इकडून टेकवली, तिकडून टेकवली. उजवी भुवई ढिम्म.

“खाली ठोका न्हाई,” ते उठून म्हणाले. “वरची टकटक हाय, ती तेल पोचून न्हाई राहिलं म्हनून. बेरिंग बराबर हायेत. इंजन खोलायचं न्हाई.”

आपा उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाच्या अगदी समोर जाऊन, ओठ वाचता यावेत असं सावकाश म्हणाली, “अब्बा, त्या जीपलाही तुम्ही हेच म्हणाला होतात. ठोका नाही असं नसेल. तुम्हाला तो येत नसेल.”

मला वाटलं, मी उगीच आलो. भंगारवाल्याचा चहा पूर्ण प्यायला हवा होता. चाचा पट्टीकडे वळले, तिचं टोक पुसलं, परत घातलं, बाहेर काढलं आणि उन्हात धरलं.

“कापडवाल्या, तेल कधी टाकलं व्हतं?”

इथे मला माझी छाती फुगवायची संधी मिळाली आणि मी ती सोडली नाही. “सहा महिने झाले चाचा, एक थेंब टाकला नाही! उलट वाढून राहिलंय! बरकत आहे, बरकत!”

चाचांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. तो शब्द त्यांना बरोबर वाचता आला असणार, कारण त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका गंभीर झाला. त्यांनी थेंब दोन बोटांत धरला, बोटं अलगद दूर नेली. तार आलीच नाही. थेंब पाण्यासारखा सुटला. त्यांनी बोट नाकाला लावलं, मग माझ्या नाकाला लावलं, मग आपाच्या.

“काहाचा वास हाय?”

“डिझेल,” आपा म्हणाली.

“पेपर आन.” जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी तेलाचा एक थेंब सोडला. आम्ही तिघं त्या कागदाभोवती असे उभे राहिलो जसे लोक निकाल पाहायला उभे राहतात. मध्ये काळा ठिपका बसला, आणि त्याच्याभोवती एक फिकट कडं सुटून पसरत पसरत मोठं झालं.

“हे कडं डिझेलचं,” चाचा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज पुन्हा बस थांबवायच्या तयारीचा झाला. “तुझ्या डिझेल पंपाचं सील गेलंय! डिझेल आतल्या आत चेंबरमध्ये, तेलात उतरून राहिलंय, अन् तू हळदकुंकू लावून राहिला! तेल पातळ झालं, पातळ तेलाला दाब कुठून येईल? ही बरकत न्हाई रे बाबा, बेमारी हाय! आन किती जनायला सांगितलं हे?”

मी किती जणांना सांगितलं ते सांगितलं नाही. त्या ट्रॅक्टरवाल्याचा अर्धा कप मात्र डोळ्यांसमोर आला, आणि पुढच्या क्षणी चाचांनी तो माझ्या तोंडून काढूनही घेतला. ते इतके हसले की शेडवरचे पत्रे वाजले. “विरजन!” ते रस्त्याकडे तोंड करून ओरडले, कोणालाही उद्देशून नाही, सगळ्या जिल्ह्यालाच. “इंजनाला विरजन लावून राहिले कळमनुरीवाले!”

आपा हसली नाही. ती म्हणाली, “सील बदला, तेल बदला. त्यानंतरही काटा खाली गेला तर मग बेरिंगच. आणि मग तुम्ही माझ्याबरोबर चला. आजच.”

“आजच,” चाचा म्हणाले.

चेंबरचा नट काढला तेव्हा काळं पाणी निघावं तसं तेल निघालं. डबा भरला, दुसरा लावावा लागला, तोही निम्मा झाला. पंप उतरवला. जुनं सील नमुन्याला घेऊन मी कोणाच्यातरी मोटरसायकलवर कळमनुरीला जाऊन नवं घेऊन आलो. दुपार उतरेपर्यंत पंप चढला, नवं तेल पडलं, आणि चाचांनी पुन्हा दोनदा हात धुतले. या वेळी आपाने स्वतः घड्याळ लावलं. अर्धा तास, मग आणखी अर्धा तास. मी रेस दिली, सोडली, पंखा लावला, दिवे लावले, इंजन तव्यासारखं तापवलं. काटा किंचित खाली आला, आणि मनासारखी जागा शोधून तिथेच थांबला. टकटकही गेली. आपा काट्याकडे पाहत होती, चाचा आपाकडे. चाचांनी गेज काढलं, मखमलीत गुंडाळलं, डब्यात ठेवलं आणि ते डबा आत ठेवायला निघून गेले.

मी दिव्याची वायर जोडून घेतली, गाडीत बसलो आणि निघायच्या तयारीने इंजन चालू केलं. खोटं सांगत नाही, वडिलांनी ती घरी आणली तेव्हाही ती इतक्या गोड आवाजात चालत नव्हती. दुधाचं भांडं मंद आचेवर असावं तशी. चाचा हात पुसत बाहेर आले, बोनेटसमोर उभे राहिले, कमरेवर हात ठेवले, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले,

“अरे, बघून काय राहिला? चालू कर की आता!”

गाडी चालूच होती. रस्त्याच्या पलीकडे पानटपरीवर उभे असलेल्यांनाही ते ऐकू येत होतं. मला काय करावं ते कळेना. खोटंखोटं चाबी फिरवावी की काय, असंही क्षणभर मनात आलं. सहा महिने खोटी बरकत गावाला दाखवलेल्या माणसाला एवढं नाटक जड नव्हतं. पण हात हलेना. दिवसभर जिची मी धास्ती घेतली होती ती आपा समोरच होती, आणि तिला हवा असलेला पुरावा तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा होता.

ती पुढे आली. तिने बापाचा उजवा हात मनगटाला धरला आणि तळवा बोनेटवर टेकवला. चाचांनी हात तसाच ठेवला. डोळे मिटले. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते, आणि मग मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

“हौ,” ते म्हणाले. “चालू हाय.”

त्यानंतर मी निघालो तेव्हा आपा रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी काचेतून डोकं बाहेर काढून विचारलं, “आपा, मग चाचांना हिंगोलीला कधी नेताय?”

“उद्या त्यांच्याकडं दोन ट्रॅक्टर यायचे आहेत,” ती म्हणाली.